विकिपीडियावर कोणाचा लेख होऊ शकतो? उल्लेखनीयता ठरवण्याची पद्धत

मराठी विकिपीडियावर येणाऱ्या नव्या चरित्रलेखांचा एक साचा ठरून गेला आहे. ‘अमुक तमुक हे एक प्रसिद्ध समाजसेवक, कवी, व्याख्याते, उद्योजक व राजकारणी आहेत. त्यांचा जन्म एका सामान्य शेतकरी कुटुंबात झाला.’ खाली संदर्भ म्हणून फेसबुकचं पान, यूट्यूबवरची मुलाखत आणि कुठल्याशा पोर्टलवरची बातमी. थोड्याच दिवसांत लेख काढून टाकण्याची सूचना लागते आणि लेखासोबतच्या चर्चा पानावर लिहिणाऱ्याचा दुखावलेला प्रश्न येतो: ‘सर, यांना अख्खा तालुका ओळखतो, आणि तुम्ही म्हणता उल्लेखनीय नाहीत?’

अख्खा तालुका ओळखत असेलच, त्याबद्दल वाद नाही. पण विकिपीडियावर आपल्याला माहीत असलेलं लिहायचं नसतं. आधी कुठेतरी छापून आलेलं आणि वाचकाला पडताळून पाहता येईल असंच लिहायचं असतं. म्हणून उल्लेखनीयतेचा प्रश्न माणसाच्या मोठेपणाबद्दल नसून कागदपत्रांबद्दल आहे: या माणसाशी काही देणंघेणं नसलेल्या लोकांनी, कोणी न सांगता, त्याच्याबद्दल पुरेसं लिहून ठेवलं आहे का? ते असेल तर लेख होतो. नसेल तर माणूस देवमाणूस असला तरी लेखात लिहायला काही उरत नाही. उरतात ती विशेषणं.

हे तपासायचं कसं, ते आता क्रमाने पाहू. लेख लिहायला बसण्यापूर्वी हे करावं, म्हणजे पुढची बरीच धुसफूस वाचते.

पायरी १ : एक वाक्य लिहा

हा माणूस विश्वकोशात कशासाठी यावा, ते एका वाक्यात लिहा. वाक्यात विशेषण नको. पद, काम किंवा कृती हवी. ‘१९६२ ते १९६७ या काळात अमुक मतदारसंघाचे आमदार’ हे वाक्य चालेल. ‘अष्टपैलू व्यक्तिमत्त्व’ चालणार नाही. ‘तीन कादंबऱ्या लिहिल्या, त्यांतल्या एकीवर समीक्षकांनी बरंच लिहिलं’ हेही चालेल.

वाक्य जमत नसेल तर इथेच थांबा. जमलं, तर पुढे कोणता निकष लावायचा ते त्याच वाक्यावरून कळतं. पाच क्षेत्रांत थोडं थोडं काम केलेल्या माणसाच्या बाबतीत गडबड होते ती याच पायरीवर. पाच ठिकाणचे अर्धेमुर्धे पुरावे एकत्र केले की उल्लेखनीयता होईल असं वाटतं. ती तशी होत नाही.

पायरी २ : त्या क्षेत्राचा निकष लावा

हे निकष मुख्यतः इंग्रजी विकिपीडियावरच्या वर्षानुवर्षांच्या वादावादीतून घडले आहेत. मराठीतली धोरणाची पानं तितकी तपशीलवार नाहीत, त्यामुळे इथल्या चर्चेतही बहुधा त्यांचाच आधार घेतला जातो. मात्र प्रत्येक भाषेचा विकिपीडिया आपले निर्णय आपण घेतो. इंग्रजीत लेख आहे म्हणून मराठीत आपोआप राहत नाही, आणि इंग्रजीत नाही म्हणून मराठीत होऊ शकत नाही असंही नाही.

राजकारणात रेषा बरीच स्पष्ट आहे. खासदार, मंत्री, विधानसभेच्या २८८ आणि विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी कुठल्याही जागेवर कधीही बसलेली व्यक्ती उल्लेखनीय धरली जाते. जुन्या मुंबई प्रांताच्या कायदेमंडळाचे सदस्यही त्यातच आले. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनाही हाच न्याय. सरपंच, पंचायत समितीचे सभापती, जिल्हा परिषद सदस्य, नगरसेवक यांना पदामुळे प्रवेश नाही. त्यांच्यावर सविस्तर, स्वतंत्र लेखन झालेलं असेल तरच लेख होतो. मोठ्या शहराच्या महापौराबद्दल असं लेखन सापडण्याची शक्यता जास्त, एवढंच. पडलेला उमेदवार, पक्षाचा जिल्हाध्यक्ष, युवा आघाडीचा सरचिटणीस: पदाच्या जोरावर नाही. निवडणुकीच्या तोंडावर इच्छुकांचे लेख धडाधड येऊ लागतात तेव्हा ही रेषा फार उपयोगी पडते.

सनदी अधिकाऱ्याचं पदही पुरेसं नसतं. जिल्हाधिकारी असणं ही नोकरी आहे. त्या नोकरीत केलेल्या कामावर इतरांनी लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी.

प्राध्यापक-संशोधकांचा निकष मात्र वेगळा आहे, आणि तो न लावल्याने मोठी फजिती झालेली आहे. मे २०१८ मध्ये डॉना स्ट्रिकलंड या कॅनडातल्या भौतिकशास्त्रज्ञ बाईंवरचा मसुदा इंग्रजी विकिपीडियावर नाकारला गेला. दिलेल्या संदर्भांवरून उल्लेखनीयता दिसत नाही, असं तपासणाऱ्याचं म्हणणं होतं. २ ऑक्टोबर २०१८ रोजी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. १९६३ नंतर, म्हणजे ५५ वर्षांनी, एका स्त्रीला हा मान मिळत होता आणि विकिपीडियावर तिचा लेखच नव्हता. तो घाईघाईने त्या दिवशी झाला. स्ट्रिकलंड २००८ पासून ऑप्टिकल सोसायटीच्या फेलो होत्या आणि २०१३ मध्ये तिच्या अध्यक्ष होत्या. संशोधकांसाठीच्या निकषात एवढं बसतं. वर्तमानपत्रांत त्यांच्यावर फारसं आलेलं नव्हतं, कारण वर्तमानपत्रं लेसरवर काम करणाऱ्या प्राध्यापकांवर लिहीतच नाहीत. म्हणून संशोधकाच्या बाबतीत बातम्यांच्या आधी हे बघा: शांतिस्वरूप भटनागर पुरस्कारासारखा मान, भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीसारख्या संस्थेचं निवडून दिलेलं सदस्यत्व, विद्यापीठाचं कुलगुरुपद, नामांकित नियतकालिकाचं मुख्य संपादकपद, किंवा इतर संशोधकांनी भरपूर आधार घेतलेलं संशोधन. ‘पीएच.डी. आणि पंचवीस शोधनिबंध’ यात बसत नाही. तेवढं बहुतेक सगळ्या प्राध्यापकांचं असतं.

खेळाडूंचा निकष आता कडक झाला आहे. पूर्वी रणजीचा एक सामना खेळलेल्या क्रिकेटपटूचाही लेख होत असे. २०२२ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर झालेल्या मोठ्या चर्चेनंतर केवळ सहभागावर आधारलेले निकष काढून टाकले गेले. धावफलकात नाव आहे एवढ्याने भागत नाही. त्या खेळाडूवर सविस्तर लिहिलेला निदान एक स्रोत लेखात द्यावाच लागतो.

लेखक-कलावंतांत पुस्तकांची संख्या कामाची नाही. चाळीस कवितासंग्रह स्वखर्चाने काढता येतात. पुस्तकावर दुसऱ्याने लिहिलेली परीक्षणं, समीक्षाग्रंथांतली चर्चा, विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात केलेला समावेश, साहित्य अकादमीसारखा पुरस्कार हे पाहायचं. प्रस्तावना आणि पाठराखण (मलपृष्ठावरचा शिफारसवजा मजकूर) यांना परीक्षण समजू नये. त्या लेखकाच्या किंवा प्रकाशकाच्या विनंतीवरून लिहिलेल्या असतात, मग खाली सही कितीही मोठ्या माणसाची असो.

पायरी ३ : शोधा, आणि गुगलवर थांबू नका

क्षेत्राचा निकष लागला नाही तरी सर्वसाधारण निकष शिल्लक असतो: स्वतंत्र, विश्वासार्ह स्रोतांतलं सविस्तर लेखन. ते शोधायचं कसं, यात मराठी माणसांची विशेष अडचण आहे. आपलं बरंचसं लेखन कागदावर आहे, आणि कागदावरचं बरंचसं अजून कोणी स्कॅन केलेलं नाही. तमाशा कलावंत, शाहीर, सहकार चळवळीतले कार्यकर्ते, १९५० च्या आसपासच्या लेखिका यांचं नाव इंग्रजीत टाकून शोधलं तर हाती काही लागत नाही. त्यावरून निर्णय देणं म्हणजे विहिरीत पोहरा न सोडताच पाणी नाही म्हणणं.

पहिलं काम, नावाची सगळी रूपं काढा. आपल्याकडे एकाच माणसाची नावं तरी किती असतात! राम गणेश गडकरी कवितेत ‘गोविंदाग्रज’ आणि विनोदी लेखनात ‘बाळकराम’. बाळूताई खरे, विभावरी शिरूरकर आणि मालती बेडेकर ही एकाच लेखिकेची माहेरचं, टोपण आणि सासरचं अशी तीन नावं. एकाच नावाने शोधलं तर निम्मं आयुष्य हुकतं. आद्याक्षरांसह आणि आद्याक्षरांशिवाय, ऱ्हस्व-दीर्घ बदलून, ‘राव’, ‘पंत’, ‘ताई’, ‘बुवा’ लावून आणि काढून शोधा. गावावरून पडलेलं आडनाव असेल तर मूळ आडनावही बघा.

दुसरं, काळ पाहून वर्तमानपत्र निवडा. ‘केसरी’ १८८१ पासूनचा, ‘सकाळ’ १९३२ पासूनचा, ‘लोकसत्ता’ १९४८ पासूनचा, ‘महाराष्ट्र टाइम्स’ १९६२ पासूनचा. १९५५ साली गेलेल्या माणसाचा मृत्युलेख ‘मटा’त शोधण्यात अर्थ नाही.

तिसरं, संदर्भग्रंथ. मराठी विश्वकोशात किंवा सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांच्या चरित्रकोशांत स्वतंत्र नोंद असेल तर वाद जवळपास मिटलाच. कोशकाराने ती व्यक्ती आपणहून निवडलेली असते. विश्वकोश संकेतस्थळावर मोफत वाचता येतो, तरी लोक तो उघडत नाहीत याचं मला दर वेळी नवल वाटतं.

चौथं, ग्रंथालय. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून. जिल्ह्याच्या गावी शासकीय ग्रंथालय असतं. तिथे जाऊन ‘अमक्याबद्दल काही आहे का’ असं मोघम विचारू नका. वर्ष आणि नियतकालिक ठरवून जा: ज्या वर्षी त्यांचं नाटक आलं त्याच्या पुढच्या सहा महिन्यांचे अंक, ज्या महिन्यात ते गेले त्या महिन्याचे अंक. मृत्यूनंतरच्या पंधरवड्यात माणसाबद्दल सगळ्यात जास्त छापून येतं. सापडलं की तारीख, पान, लेखाचं शीर्षक आणि लेखकाचं नाव तिथल्या तिथे टिपून घ्या. छापील संदर्भ पूर्णपणे चालतो, दुवा असलाच पाहिजे असा नियम नाही. मात्र ‘एका जुन्या अंकात वाचलं होतं’ हा संदर्भ होत नाही.

पायरी ४ : सापडलेलं चाळा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. प्रत्येक स्रोतासाठी चार प्रश्न विचारा. हे कोणी लिहिलं? कोणाच्या सांगण्यावरून लिहिलं? छापण्याआधी कोणी तपासलं? आणि यात माणसाबद्दल किती आहे?

‘किती’पासून सुरुवात करतो, कारण ते सोपं आहे. ‘कार्यक्रमास अमुक, तमुक, फलाणे आदी मान्यवर उपस्थित होते’ या वाक्याने काहीही सिद्ध होत नाही. अशा दोनशे बातम्या असल्या तरी नाही. माणसाच्या आयुष्याबद्दल, कामाबद्दल निदान दोन-चार परिच्छेद भरतील इतकी माहिती त्या मजकुरात हवी. त्या व्यक्तीने स्वतः लिहिलेला लेख आणि तिने चर्चेत दिलेली प्रतिक्रिया हे तिचं बोलणं झालं, तिच्याबद्दलचं लेखन नव्हे. मुलाखतीचंही बरंचसं तसंच. मुलाखतकाराने सुरुवातीला स्वतःचा अभ्यास मांडला असेल तर तेवढा भाग धरावा.

‘कोणाच्या सांगण्यावरून’ हा अवघड प्रश्न. साठी किंवा पंचाहत्तरीनिमित्त निघणारा गौरवग्रंथ याचं उत्तम उदाहरण. चारशे पानं, सत्तर लेख, लिहिणाऱ्यांत दोन माजी कुलगुरू. पण गौरव समिती मित्रांची, खर्च चाहत्यांचा आणि टीकेला जागा नाही. जन्मतारीख किंवा शाळेचं नाव यांसारख्या साध्या तपशिलांसाठी तो वापरता येतो, उल्लेखनीयता मोजायला नाही. संस्थेची स्मरणिका, शाळेच्या शताब्दीचा अंक, जातिसंस्थेचं मुखपत्र यांचंही तेच. दिवाळी अंकातलं व्यक्तिचित्र मात्र वेगवेगळं तपासावं लागतं. एखाद्या जाणत्या संपादकाच्या अंकात त्रयस्थ लेखकाने लिहिलेला दीर्घ लेख म्हणजे सोनं. स्थानिक अंकात मधल्या रंगीत पानांवर आलेला ‘परिचय’ जाहिरातीसोबत मिळालेला असू शकतो.

वाढदिवसाच्या पुरवण्यांबद्दल स्पष्टच सांगतो: त्या जाहिराती आहेत. वर्तमानपत्राचं नाव मोठं असलं तरी ‘विशेष पुरवणी’, ‘प्रायोजित’, ‘उपक्रम’, ‘ब्रँड’ अशी बारीक अक्षरातली खूण बघा. बातमीदाराचं नाव नाही, एकही प्रतिकूल शब्द नाही, मजकुरात मोबाइल नंबर किंवा संकेतस्थळाचा पत्ता आहे, आणि तोच मजकूर शब्दशः तीन ठिकाणी आहे, असं दिसलं की सोडून द्या. महाराष्ट्रात ही शंका हवेतली नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारांची स्तुती करणारा सारखाच मजकूर वेगवेगळ्या वर्तमानपत्रांत बातमी म्हणून छापून आल्याचं उघड झालं, आणि पेड न्यूजची चौकशी करायला भारतीय वृत्तपत्र परिषदेला उपसमिती नेमावी लागली. इंग्रजी विकिपीडियाच्या स्रोतविषयक सूचनांतही भारतीय वृत्तसंस्थांमधल्या अशा विकत घेतलेल्या मजकुराबद्दल वेगळा इशारा आहे.

निधनवार्तेतही हाच फरक करावा लागतो. ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलं, सुना, नातवंडं असा परिवार आहे’ अशा चार ओळी कुटुंबाने कळवलेल्या असतात. बातमीदाराने किंवा समीक्षकाने लिहिलेला मृत्युलेख, संपादकीय पानावरचं टिपण हे भक्कम पुरावे.

इंटरनेटवरच्या दोन गोष्टींपासून सावध राहा. एक, ‘वय, उंची, संपत्ती, पत्नी’ अशी माहिती देणारी चरित्रपानं. त्यांना संपादक नसतो आणि बरीचशी माहिती अंदाजपंचे असते. दोन, विकिपीडियावरूनच उचललेला मजकूर. कोणीतरी संदर्भाविना लेखात काही घुसवतो, पोर्टल ते उचलतं, आणि वर्षभराने तेच पोर्टल लेखात संदर्भ म्हणून येतं. पोर्टलवरच्या मजकुराची तारीख आणि लेखाचा संपादन इतिहास ताडून पाहिला की हे लगेच पकडता येतं.

चाळून झाल्यावर सगळ्यात चांगले तीन स्रोत बाजूला काढा. तीन हा काही लिखित नियम नाही, पण कामाचा अंदाज आहे. ते वेगवेगळ्या ठिकाणचे आणि शक्यतो वेगवेगळ्या काळातले असावेत. हे तीन वाचून, बाकी काही न वापरता, पानभर सरळ मजकूर लिहिता आला तर लेख होतो. तिघांनी मिळून दोनच वाक्यं होत असतील तर आणखी तीस दुवे जोडून काही फरक पडत नाही. उलट संदर्भांचा ढीग दिसला की तपासणाऱ्याला शंका येते.

पायरी ५ : पुरस्कारांची यादी निम्म्याहून कमी करा

पद्म पुरस्कार, ज्ञानपीठ, साहित्य अकादमी, महाराष्ट्र भूषण यांच्यासाठी वेगळं काही सांगायला नको. गोंधळ होतो तो ‘समाजभूषण’, ‘आदर्श’, ‘रत्न’ आणि ‘जीवनगौरव’ यांचा. परीक्षा सोपी: पुरस्कार देणाऱ्या संस्थेशी संबंध नसलेल्या कोणी त्या पुरस्काराबद्दल लिहिलं आहे का? नसेल तर तो उल्लेखनीयतेत धरू नका. प्रवेशशुल्क भरून मिळणारी विक्रमांची प्रमाणपत्रं सरळ वगळा. ‘मानद डॉक्टरेट’ दिसली की देणाऱ्याचं नाव बघा. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्यानुसार पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना आणि तसाच अधिकार मिळालेल्या संस्थांनाच आहे. आयोग बनावट विद्यापीठांची यादीही प्रसिद्ध करतो.

दुसऱ्या बाजूने, मोठ्या पुरस्काराची वाट पाहत बसायचीही गरज नसते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना पद्मश्री २०२० साली जाहीर झाली. त्याआधी, २०१८ मध्येच, बीबीसीच्या शंभर महिलांच्या यादीत त्यांचं नाव आलं होतं आणि त्यांच्या देशी बियाण्यांच्या बँकेवर पत्रकारांनी सविस्तर लिहिलं होतं. लेख त्या लेखनावरच उभा राहू शकत होता.

पायरी ६ : दोन सापळे

पहिला, एकच घटना. यूपीएससीत राज्यात पहिली आलेली मुलगी, व्हायरल झालेला रिक्षावाला, अपघातातून वाचलेला प्रवासी. चार दिवस सगळीकडे बातम्या येतात आणि मग काही नाही. अशा वेळी घटना मोठी असेल तर लेख घटनेवर करावा, माणसावर नाही. गुन्ह्यात बळी पडलेल्या व्यक्तीच्या बाबतीत तर हे आवर्जून पाळावं. जिवंत माणसाच्या आयुष्यातला सर्वांत वाईट दिवस हीच त्याची कायमची ओळख करून ठेवण्याचा हक्क आपल्याला नाही.

दुसरा, नातं. मंत्र्यांचे चिरंजीव, गायिकेचे गुरुबंधू, क्रांतिकारकाचे पणतू. उल्लेखनीयता वारशाने येत नाही. त्यांचा उल्लेख मूळ व्यक्तीच्या लेखात एका ओळीत होतो.

‘मग त्या दुसऱ्याचा लेख कसा आहे?’ हा युक्तिवाद चर्चेत हटकून येतो. त्याला उत्तर एकच: तोही तपासा, आणि बसत नसेल तर त्यावरही चर्चा सुरू करा.

पायरी ७ : निर्णय, आणि त्यानंतर

निकषात बसत असेल तर आधी धूळपाटीवर, म्हणजे कच्च्या लेखनाच्या पानावर, लिहा, पहिल्या दोन वाक्यांत उल्लेखनीयतेचं कारण येऊ द्या आणि तिथेच संदर्भ जोडा. व्यक्ती स्वतः तुम्ही असाल, नात्यातली असेल किंवा तुमचे साहेब असतील, तर लेख स्वतः मुख्य नामविश्वात, म्हणजे प्रत्यक्ष विश्वकोशात, टाकू नका. चर्चा पानावर नातं सांगा, स्रोत द्या आणि दुसऱ्या कोणाला लिहू द्या. पैसे घेऊन लिहीत असाल तर ते जाहीर करणं जून २०१४ पासून विकिमीडियाच्या वापरअटींप्रमाणे बंधनकारक आहे.

बसत नसेल तर माहिती वाया जात नाही. गावाच्या, शाळेच्या, चळवळीच्या किंवा नाटक मंडळीच्या लेखात संदर्भासह एक-दोन वाक्यं टाका. विकिडेटा या विकिपीडियाच्या माहितीसाठ्याच्या भावंड प्रकल्पावर नोंदीचे निकष सैल आहेत. गंभीर आणि सर्वांना पाहता येईल असा एखादा स्रोत असेल तर तिथे नोंद होऊ शकते. लेखकाची पुस्तकं स्वामित्वहक्कातून मुक्त झाली असतील (भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी होतात) तर ती विकिस्रोतावर, म्हणजे मुक्त ग्रंथांच्या भावंड प्रकल्पावर, आणता येतात, आणि माझ्या मते बऱ्याच विस्मृत लेखकांसाठी ते चरित्रलेखापेक्षा अधिक मोलाचं आहे. एखाद्या लोककलावंतावर कोणीच लिहिलेलं नसेल, तर आधी एखाद्या नियतकालिकातल्या जाणत्या माणसाला त्याच्याकडे घेऊन जा. विकिपीडिया त्यानंतर.

लेख आधीच काढला गेला असेल तर तोच मजकूर पुन्हा टाकू नका. त्याने फक्त खातं अडवलं जातं. ज्या प्रचालकाने (लेख काढण्याचे अधिकार असलेल्या सदस्याने) लेख काढला त्यांच्या चर्चा पानावर आपले तीन स्रोत, तारीख आणि पान क्रमांकासह ठेवा, आणि जुना मजकूर तुमच्या सदस्य पानाखाली हलवून मागा. उत्तर पटलं नाही तर विषय चावडीवर, म्हणजे सर्व सदस्यांच्या सामायिक चर्चेच्या पानावर, न्या. तिथे ‘यांचं कार्य महान आहे’ हे लिहू नका. कात्रणाचा फोटो काढून ठेवला असेल तर त्यातला संबंधित परिच्छेद टंकून दाखवा.